पाटोद्याहून परंड्याकडं, गवतागवतानं

मराठवाडा फिरायचा म्हटलं की लोक वेरूळ-अजिंठा, तुळजापूर, परळी, औंढा एवढंच सांगतात आणि निसर्ग बघायचा म्हटलं की सरळ ताडोबा नाहीतर कोकण. बालाघाटच्या डोंगरावरचा माळ बघून या असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हणून हे लिहायलेय आणि जरा सविस्तर लिहायलेय, कारण जे बघितलं ते खरंच फार मोलाचं आहे आणि डोळ्यादेखत कमी होत चाललंय.

जानेवारी, येळवस (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) होऊन आठवडा झालेला. मी, माझा भाचा (दुर्बीण आणि पक्ष्यांची पुस्तकं त्याची) आणि माझी कॉलेजची मैत्रीण, जी आता पुण्यात असते, असे तिघं लातूरहून गाडी काढून निघालो.

शुक्रवार

लातूर, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा आणि तिथून पाटोद्याचा रस्ता. केजपर्यंत दोन्ही बाजूला हरभरा, शाळू, मधेमधे ऊस. मांजरसुंब्याच्या पुढं जमीन बदलते, काळी माती विरळ होते, मुरूम वर येतो आणि मग बोरी, हिवर, तरवड, आणि त्यांच्यामधून पसरलेलं पिवळंधमक गवत. हा बालाघाटचा माथा. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, पुढं जाऊन आमच्या लातूरला पाणी पाजते, पण तिच्या डोक्यावरचं हे गवत बघायला लातूरचं कोण येतं?

नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ सालचं, ३० चौरस किलोमीटरच्या आसपास. मोर भरपूर दिसले. पण जानेवारीत पिसारा फुललेला बघायला मिळेल म्हणून जाऊ नका, पावसाळा संपला की मोर लांब पिसं टाकून देतो आणि नवीन यायला वेळ लागतो. नाच बघायचा तर जून-जुलैत जायचं. आमच्या बाजूला एक फॅमिली आली होती, मोर बघून पोरं खूश, वडील मात्र पिसारा नाही म्हणून नाराज, पंधरा मिनिटात परत फिरले. त्यांना कुणी नीट सांगणारं तिथं असतं तर ती पोरं अजून दोन तास रमली असती.

आम्हाला सांगणारा होता. भाच्याच्या ओळखीतून एक जण आमच्याबरोबर आला, तिशीच्या आतला, जवळच्याच गावचा, पुढं सगळे दिवस तोच आमचा वाटाड्या. भाचा त्याला दादा म्हणायचा, मग आम्ही पण दादाच म्हणायला लागलो. त्याच्या गावात संध्याकाळी चहाला गेलो तर निम्म्या घरांना कुलूप. आईवडील, भाऊ, भावजय सगळे कारखान्यावर ऊसतोडीला. बीडकडच्या लोकांना हे सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, दसरा-दिवाळी झाली की इथून टोळ्या निघतात, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत परत यायचं नाही. मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारे, लेकरं आणि कुत्री. दादानं यंदा उचल घेतली नव्हती, बायको बाळंतपणाला आलेली म्हणून.

हे मी इथंच का सांगितलं ते पुढं येईल.

रात्री त्याच्याच घरी राहिलो. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. थंडी एवढी की भाच्यानं दोन वाकळा घेतल्या.

शनिवार

सकाळी उजाडायच्या आत निघालो आणि एका पाझर तलावाच्या काठाला, पाण्यापासून लांब, बोरीच्या आडोशाला बसलो. ऊन वर आल्यावर पखुर्ड्या, म्हणजे सँडग्राउज पक्षी, आल्या. आधी आवाज येतो, मग थवा वळसे घेत घेत येतो, थोडं लांब उतरतो, चालत पाण्यापर्यंत येतो, घाईघाईत पितो आणि उडून जातो. सगळं दहा-पंधरा मिनिटात. या पक्ष्याचा नर विणीच्या दिवसात पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी मैलभर लांब पिल्लांना नेऊन पाजतो. भाच्यानं हे सांगितल्यावर माझी मैत्रीण बराच वेळ गप्पच बसली होती. दादा म्हणाला, तळ्यावर कुणी मोटार लावून धुणंभांडं करायला बसलं की त्या दिवशी पखुर्डी पाणी न पिता जाते. म्हणजे बघणाऱ्यांनी पण पाण्याला खेटून बसायचं नाही, एवढं साधं आहे.

मग माळावर पायी. धाविक दिसले, मुरमाच्या रंगाचे, पळतात, थबकतात, परत पळतात. डोंबारी चंडोल वर जाऊन एकदम खाली झेपावत होता. कापशी घार हवेत एका जागी फडफडत. घार सोडली तर हे पक्षी जमिनीवर किंवा जमिनीलगत जगणारे, धाविकाची अंडी तर उघड्या मुरमावर, घरटं म्हणून काही नाहीच, त्यामुळं उन्हाळ्यात इथं गाडी रस्ता सोडून माळावर घातली की चाकाखाली काय गेलं ते कळतसुद्धा नाही.

गवताची नावं दादाला तोंडपाठ. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी. कुसळीनं आमचे सगळ्यांचे पायमोजे भरून गेले. तिच्या बीला पीळ पडलेलं लांब कुसळ असतं, ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, असं करत करत ते बी स्वतःला जमिनीत फिरवून घुसवतं. मी लहानपणापासून कुसळं काढत आले पण ती आपली आपण पेरणी करतात हे आत्ता कळलं.

दुपारी सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा बघायला गेलो, जानेवारीत धार बारीक, दरी मात्र बघण्यासारखी. रामेश्वराचं दर्शन घेतलं आणि निघालो.

वाटेत एक माळ लागला, गाव सांगत नाही. ओळीनं खड्डे, ओळीनं गिरीपुष्प. काही जगलेली, काही काड्या झालेल्या. २०१६ पासून २०१९ पर्यंत राज्यात वृक्षलागवडीचा मोठा कार्यक्रम झाला, शेवटच्या वर्षाचं टार्गेट ३३ कोटी होतं. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. आम्ही मराठवाड्याची माणसं, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, झाडं नाहीत म्हणून दुष्काळ हे आमच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यामुळं मोकळा माळ दिसला की हात शिवशिवतात. पण जिथं सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस आणि वीतभर माती, तिथं गवतच मूळचं आहे. ते पावसाचा मारा अंगावर घेतं, माती धरून ठेवतं, त्याच्यातला बराचसा कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो त्यामुळं वरचं वाळलं, जनावरानं खाल्लं, अगदी जळालं तरी खालचा बराचसा राहतो. त्या मातीत जेसीबीनं खड्डे घेऊन बाहेरचं झाड लावलं तर गवत जातं, आणि गिरीपुष्पाचा पाला आमची जनावरं सहसा तोंडात पण धरत नाहीत. झाडं बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, शाळेत, गावठाणात, रस्त्याकडेला लावा, वड-पिंपळ-लिंब लावा, मी स्वतः पाणी घालायला येईन. माळ सोडा. कागदावर हे सगळं पडीक म्हणून धरलेलं असतं, त्यामुळं ते कुणालाही कशालाही देता येतं, कधी रोपं, कधी सोलर, कधी पवनचक्की. पवनचक्क्या तर आता बालाघाटावर सगळीकडंच दिसतात.

संध्याकाळ मात्र आयुष्यभर लक्षात राहील अशी. दादानं एका उंच गवताच्या पट्ट्यापासून दोन-तीनशे मीटरवर आम्हाला बसवलं, मोबाईल सायलेंट. सूर्य मावळतीला गेला आणि भोवत्ये यायला लागले. माँटेग्यू आणि पॅलिड हॅरियर, दोन्ही. गवताच्या अगदी वरून, पंख थोडे वर उचलून, आवाज न करता तरंगत. एक, चार, मग मोजता मोजता तीसच्या वर गेले. हे शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. उन्हाळा मध्य आशियात, कझाकस्तानच्या गवताळ मैदानात काढतात आणि हिवाळ्याला आपल्याकडं येतात. तिथलं गवत आणि इथलं गवत, मधे हजारो किलोमीटर, दोन्ही राहिलं तरच पक्षी राहणार. आणि खातात काय तर बरेचसे नाकतोडे-टोळ, म्हणजे शेतकऱ्याचंच काम करतात. फेब्रुवारीत कुणीतरी या पट्ट्याला काडी लावली की संपलं, सगळे उठून जातात. नवीन गवत चांगलं येतं म्हणून माळ पेटवायची सवय आहे आपल्याकडं. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेवर काढल्या तर निम्मा प्रश्न सुटेल असं दादाचं म्हणणं.

अंधार पडेपर्यंत कुणी उठलो नाही. मग धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडं निघालो, रात्र तिथं.

रविवार

भूमहून परंड्याच्या बाजूला. पहाटे धुकं होतं. वाटेत धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता मुक्काम, बसलेला, रानात मेंढरं बसवली होती, शेतकऱ्याला लेंडीखत आणि यांना त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. एक आबा शेकत बसले होते, दादानं ओळख काढली, आम्हाला चहा मिळाला. बोलता बोलता आबांनी हातानं नुसतं दाखवलं, तिकडं बघा म्हणाले. लांब चढावर दोन लांडगे. एक उभा, एक बसलेला. गवताच्याच रंगाचे, पाय लांब, अंगानं सडपातळ, मला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक. कुत्र्यांनी भुंकून रान उठवलं, ते दोघं जरा वेळ बघत राहिले आणि शांतपणे पलीकडं उतरून गेले. माझ्या अंगावर काटा आला होता.

मी आबांना विचारलं, राग नाही येत का?

"येतो की. गेल्या साली दोन कोकरं नेली. पण त्याचा बी वाटा आसतोय बाई. त्याला काय दुकान हाय का? आन त्यो हाय म्हणून हरणं आवरत्यात, न्हाईतर ज्वारी ऱ्हाईल का कुणाची."

भरपाई मिळते का विचारल्यावर म्हणाले मिळते, पण पंचनामा व्हायच्या आत आमचा वाडा दोन मुक्काम पुढं गेलेला असतोय. हे कुणीतरी मनावर घेतलं पाहिजे. फिरत्या माणसाला भरपाई फिरत्या पद्धतीनंच द्यावी लागेल, नाहीतर वाट्याची ही भाषा पुढच्या पिढीत राहणार नाही, विष राहील.

लांडग्याबद्दल थोडं. वाघाला जे कायद्याचं संरक्षण आहे तेच लांडग्याला आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. देशात ३००० च्या आसपास असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज, म्हणजे वाघांपेक्षा कमी. २०२१ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, त्यात भारतीय लांडगा हा आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या फार जुन्या शाखांपैकी एक निघाला. असा प्राणी आमच्या भूम-परंड्याच्या माळावर मेंढरांमागं फिरतोय आणि लातुरात कुणाला गंधवार्ता नाही! त्याला आता मोठा धोका कुत्र्यांचा, पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी लोक माळावर आणून टाकतात, त्यावर भटकी कुत्री वाढतात, त्यांच्याकडून रोग येतात आणि संकरही होतो.

पुढं गेल्यावर एका खडकाळ टेकाडाअलीकडं दादा थांबला. म्हणाला, पलीकडं जायचं नाही. थंडीचे हे दिवस लांडगीचे विण्याचे, तिकडं बीळ आहे. मागं एकदा मोठ्या लेन्सवाले काही जण आले होते, पिल्लांचे फोटो पाहिजेत, बिळापर्यंत ने, पाच हजार देतो म्हणाले. यानं नेलं नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पकडलं, दोन दिवस गाड्या लावून बसले, तिसऱ्या दिवशी लांडगी पिल्लं तोंडात धरून तिथून गेली. पाच हजार म्हणजे त्याच्यासाठी किती मोठी रक्कम आहे हे आम्हाला दोन दिवसात कळलं होतं. तिथंच ठरवलं की आमच्या कुठल्याच फोटोला लोकेशन लावायचं नाही, आणि इथंही म्हणूनच जागा मोघम ठेवल्यात.

माझ्या मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेत कॅन्सासला असतो, ती तिकडची प्रेअरी बघून आलेली. तिनं सांगितलेलं मला फार पटलं. तिथं माणसापेक्षा उंच गवताची जी प्रेअरी होती तिच्यातली आता ४ टक्के पण उरली नाही, बाकी सगळी नांगराखाली गेली. जी उरली ती बरीचशी फ्लिंट हिल्स नावाच्या भागात, कारण तिथं वीतभर मातीखाली दगड आहे, नांगर चालला नाही. अगदी आपल्या मुरमासारखंच! १९९६ साली तिथं राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र केलं, २००९ ला बायसन परत आणून सोडले कारण चरणारं जनावर नसेल तर गवताळ भाग नीट राहत नाही. आणि त्या भागात प्रेअरी चिकन नावाची रानकोंबडी आहे, वसंतात नर पहाटे एका जागी जमून नाचतात, ते बघायला लोक अंधारात येऊन लपणीत बसतात आणि पक्षी आपणहून उठून गेल्याशिवाय बाहेर यायचं नाही असा कडक नियम. लोक पैसे भरून हे नियम पाळतात.

आपल्याकडं चरणारं जनावर आणायची पण गरज नाही, आहेच. उस्मानाबादी शेळी, दख्खनी मेंढी, ही याच माळानं घडवलेली जनावरं. भोवत्यांना झोपायला उंच गवत लागतं, धाविकाला आखूड चरलेलं, त्यामुळं थोडं राखलेलं, थोडं चरलेलं असं ठिगळाठिगळाचं रान सगळ्यांना पुरतं. धनगराला हाकलून तारेचं कुंपण घातलं की काही वर्षांत झुडपं माजतात, आणि अती चराई झाली की नुसता तरवड आणि मुरूम उरतो. आबांसारख्या माणसाला कुठल्या महिन्यात कुठला तुकडा मोकळा ठेवायचा ते माहीत आहे, त्यांना विचारून नियोजन केलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत.

परंड्याचा किल्ला धावता बघितला. विजापूरची मुलूख मैदान तोफ आधी इथं होती. किल्ल्याबाहेर पडल्यावर तासाभरात काळविटांचा कळप, पंचवीस-तीस, दोन नर अगदी काळेभोर. एकाच्या हरभऱ्यात घुसले होते आणि शेतकरी पत्र्याचा डबा वाजवत होता. आम्ही फोटो काढायलो हे बघून त्याला काय वाटलं असेल. मी जाऊन बोलले, चिडलेला होता पण बोलला. म्हणाला, "तुम्हाला मजा वाटायली, माझं दोन पोत्याचं नुकसान आहे." त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. आमच्यासारखे लोक बघायला येतात त्यातले चार पैसे त्याच्या बांधापर्यंत पोचले पाहिजेत, हे मात्र तिथं फार प्रकर्षानं वाटलं.

रात्री दादाच्या पाहुण्यांच्या शेतात हुरडा. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं, हातावर चोळून गरम गरम, बरोबर गूळ आणि लसणाची चटणी. हुरडा पार्टीला शहरातले लोक शंभर किलोमीटर गाडी चालवत येतात, त्याच लोकांना सकाळी दोन तास माळावर नेलं तर?

सोमवार

परत निघालो. कुंथलगिरीला थांबून पेढे घेतले. भूमचा खवा लांबलांब जातो, तो चुलाणावर आटणारं दूध शेवटी चाऱ्यातूनच येतं, तेव्हा गवताचा हिशोब करताना तोही धरावा.

येडशीला रामलिंग घाट अभयारण्य, २२ चौरस किलोमीटरचं छोटंसं, दरीत देऊळ, माकडं. इथं सगळीकडं एकच विषय, वाघ. २०२४ च्या डिसेंबरात इथं वाघ दिसला, यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. चहावाला, रिक्षावाला, देवळातले काका, सगळे त्याच्याबद्दल भरभरून बोलतात आणि मला त्याचा आनंदच आहे, एवढं अंतर शेतांतून, रस्त्यांतून, गावांच्या कडेनं पार करून तो आला, म्हणजे आपल्या मोकळ्या रानातून अजून वाट आहे. चहावाल्याला मी लांडग्यांचं सांगितलं तर तो म्हणाला लांडगे तर काय, पहिल्यापासून आहेत.

पुण्याच्या वनविभागानं इंदापूर-बारामतीकडं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केलीय, ठरलेल्या वाटा, स्थानिक पोरं गाईड. मैत्रीण जाऊन आलेली आहे. तसं भूम-पाटोद्याला का होऊ नये यावर गाडीत बराच वेळ बोलणं चाललं. दादा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तुमच्या पक्ष्यांचा सीझन दिवाळी ते होळी. आमच्या ऊसतोडीचा बी त्योच."

तेव्हा मला हे सगळं एकदम जुळलं. ज्या महिन्यांत माळ बघण्यासारखा असतो नेमक्या त्याच महिन्यांत माळ ओळखणारी माणसं दोन जिल्हे पलीकडं उसाच्या फडात असतात. शंभर घरं यावर जगतील असं मी म्हणत नाही. पण गावातली चार पोरं वाटाड्या म्हणून, दोन घरं राहायला-जेवायला, एवढी जरी थांबली तरी त्यांची लेकरं शाळेत राहतील आणि माळाला काडी लावणाऱ्याला, खड्डे घेणाऱ्याला विचारणारं कुणीतरी गावात हजर असेल. ग्रामसभेत बोलायला माणूस तर पाहिजे.

येडशीला त्याला बीडच्या एसटीत बसवलं. पैसे द्यायला गेलो तर जास्त झाले म्हणून परत करायला लागला, ऊसतोडीला दिवसाला जेवढे पडतात तेवढेच घेतो म्हणाला. आम्ही ऐकलं नाही. गावातले अजून दोघं तयार आहेत, पण मुकादम दसऱ्याच्या आधीच उचल वाटतो आणि एकदा पैसे घेतले की मग थांबता येत नाही, त्यामुळं कोण येणार, कधी येणार हे त्यांना तोपर्यंत कळायला हवं. तर ज्यांना पुढच्या हिवाळ्यात माळ बघायचाय त्यांनी दिवाळीची सुट्टी लागल्यावर नका ठरवू, पोळ्यापर्यंत ठरवा, त्या भागात ओळख काढा आणि जमलं तर थोडे पैसे आगाऊ द्या.